लाल फडक्याचा घाट

"काकू, तुम्ही नक्की करता काय हो कंपनीत?" हा प्रश्न आमच्या निगडीच्या सोसायटीत मला इतक्या जणांनी विचारलाय, की शेवटी शेवटी मी सांगायला लागले, "लोकांनी बांधलेले रस्ते पास करते." ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई महापालिकेत आहे. मग आमच्या कोपऱ्यावरचा खड्डा कधी बुजणार, इथून सुरुवात. मीही खुशाल सांगायची, "अर्ज द्या, बघू."

त्यात खोटं काही नव्हतं. मोबाइलवर ट्रक चालवायचा एक खेळ आहे, तो बनवणाऱ्या कंपनीत मी नोकरी केली. खेळाची गंमत अशी, की ट्रक कंपनी देते, पण रस्ते खेळणारेच बांधतात. कोणीही उठावं, डोंगर उभा करावा, त्यावरून रस्ता काढावा, कडेला ढाबा टाकावा आणि खेळात सोडून द्यावा. मग बाकीचे त्यावरून गाड्या हाकतात. रोज ढिगाने रस्ते यायचे. त्यातले चोरलेले कुठले, शिवीगाळ लिहिलेले कुठले, पूल हवेत तरंगतोय कुठे, हे आधी सॉफ्टवेअर चाळायचं. चाळणीवर जे उरेल ते आमच्यासारख्या माणसांच्या पुढ्यात.

त्याआधी मी भोसरीत एका कारखान्यात तपासणीला होते. हातात गेज घ्यायचा, पार्ट त्यात बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. कारखाना दुसरीकडे हलला आणि मी घरी बसले. भाची म्हणाली, "मावशी, आमच्याकडे तपासायला माणसं हवीत, तू जन्मभर तेच केलंस." मुलाखतीत एका पोराने विचारलं, गेमिंगचा अनुभव किती? मी म्हटलं, पत्त्यात मला अजून कोणी हरवलेलं नाही. घेतलं बाई त्यांनी.

गिऱ्हाइकं एकेक नग भेटली. देहूरोडचे एक निवृत्त हवालदार होते. त्यांनी रस्ता सुरेख बांधला, पण मध्ये नाका उभारला आणि तिथे प्रत्येक ट्रकने थांबून कागद दाखवायचे असा नियम केला. कागद हा प्रकार खेळात नाहीच. नाक्याच्या अलीकडे ट्रकांची ही मोठी रांग, लोक शिव्या घालतायत, आणि हवालदार मला लिहितात, "शिस्त नको आहे का तुम्हाला?" रावेतच्या एका सोसायटीचे चेअरमन तर वकिलाची भाषा करत आले. कोणीतरी त्यांच्या गेटसमोरचा रस्ता खड्ड्यांसकट खेळात आणला होता, म्हणजे सोसायटीची बदनामी झाली. मी विचारलं, "खड्डे खरे आहेत का?" ते म्हणाले, "तो मुद्दा नाही." तो रस्ता मी पास केला. खड्डे अगदी मापात होते.

पण सांगायचंय ते वेगळंच. एका सकाळी तक्रारींमध्ये आवाजी निरोप आला. म्हातारा आवाज, बीडकडची बोली.

"म्याडम का साहेब, जे कोण असाल ते. परवापासनं घाट बंद हाय. दरड पडली का काय? पडली असंल तर बोर्ड तरी लावायचा ना राव. आमी गाडी घेऊन खाली उभे हावोत. सुरू कधी होनार, तेवढं सांगा."

आमच्या विभागातली पोरं खो खो हसली. मलाही हसू आलं, नाही कशाला म्हणू? पण आवाजात एक अदब होती, खरोखरच घाटाच्या पायथ्याशी गाडी लावून वाट पाहणाऱ्या माणसाची. मी तो घाट शोधून काढला. ज्या खात्यावरून तो बांधला होता त्याचं नाव होतं 'रूम सात'. सॉफ्टवेअरने ते खातं बंद केलं होतं आणि कारण एका ओळीत दिलं होतं: हा खेळाडू झोपत नाही.

हे जरा समजावून सांगते. खेळात रस्ता बांधला की गुण मिळतात आणि गुणांवर नवे ट्रक. त्यामुळे काही लबाड लोक यंत्रं लावून रद्दी रस्ते पाडत बसतात. यंत्राला झोप नसते. म्हणून आमच्या निखिलने, हा आमच्या टीमचा प्रमुख, नाशिकचा गुणी पोरगा, मारुंजीत भाड्याने राहायचा, एक युक्ती काढली होती: जे खातं दिवसरात्र जागं, ते यंत्र. त्या युक्तीने आम्ही पोत्याने चोर पकडले. पकडलेल्याचं सामान आधी झाकून ठेवायचं आणि शनिवारच्या साफसफाईत कायमचं पुसायचं. पुसलेलं परत आणता येत नाही. खेळणाऱ्याच्या फोनवर त्यातलं काहीच नसतं, सगळं कंपनीकडे. म्हातारबुवांचा घाट येत्या शनिवारी जाणार होता.

आमचं सॉफ्टवेअर रस्त्याचा फोटो ठेवत नाही. तयार भाजी न ठेवता तिची कृती जपावी, तसं ते एकेक पाऊल ठेवतं: आधी हा दगड, मग तो कठडा, मग ते झाड. मी तो घाट पहिल्या दगडापासून पुन्हा बांधला जाताना पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली. तो एका हाताचा नव्हताच. एक हात चढ काढायचा, असा बेताचा, की भरलेली गाडी दमणार नाही. दुसरा हात फक्त झाडं लावायचा, फणस कुठे आणि काजू कुठे हे पक्कं ठाऊक असलेला. तिसऱ्याला दुकानांची आणि पाट्यांची हौस, एका टपरीवर त्याने लिहिलं होतं, 'कालचा वडा आज मिळणार नाही'. आणि दर वेळी हात बदलताना, जिथे काम थांबलं तिथे, एक लाल फडकं बांधलेलं. पुढचा हात यायचा, फडकं सोडायचा आणि तिथूनच कामाला लागायचा.

मी निखिलला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, यावरूनच तर सॉफ्टवेअरने पकडलं. ठरलेल्या वेळी एकच वस्तू ठेवायची, काढायची, परत ठेवायची. माणूस असं कशाला करेल?"

"माणूसच असं करतो," मी म्हटलं. "भोसरीत आम्ही रोज करायचो."

कारखान्यात पाळी सुटताना एखाद्याचं काम मशीनवर अर्धं राहिलं, तर तो हँडलला लाल फडकं बांधून जातो. पुढच्या पाळीवाल्याने समजायचं, अर्धा जॉब आहे बाबा, आधी नीट बघ, मग मशीन सुरू कर. हे कोणी शिकवत नाही आणि कुठल्या सूचनाफलकावर लिहिलेलं नसतं. ते फडकं पाहिलं आणि माझ्या नाकात मशीन थंड ठेवायच्या कुलंटचा वास आला, खोटं नाही सांगत.

निखिलने सगळं शांतपणे ऐकलं आणि डोकं खाजवलं. "म्हणजे तीन माणसं, एक खातं. मॅडम, हे तर आणखी वाईट. एक खातं एक माणूस, हा आपला पहिला नियम. यंत्र म्हणून नाही तर यावरून जातील."

त्याचं बरोबर होतं. एका खात्यावर माणसं बसवून धंदा करणारेही होतेच. खरं काय ते कळलं होतं, पण खऱ्याने घाट वाचत नव्हता.

मी त्या म्हाताऱ्यांना फोन लावला. बशीरभाई त्यांचं नाव, जन्मभर ट्रकवर ड्रायव्हर. घाट त्यांच्या मुलाने, इमरानने, दोन जोडीदारांबरोबर बांधलेला. मुलगा चाकणला कामाला, राहायला म्हाळुंग्यात तात्यांच्या चाळीत. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "म्याडम, पोराचं काय चुकलं का?" मी म्हटलं, "बघते." त्याहून जास्त काही सांगण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

गुरुवारी दुपारी मी निघाले, तर निखिल गाडीची किल्ली फिरवत समोर उभा. म्हणाला, "माझाच नियम आहे, मलाही बघू दे." तळेगाव चौकात कंटेनरांच्या मध्ये आम्ही इतका वेळ अडकलो, की तो म्हणाला, "मॅडम, आपल्या खेळात अशी कोंडी टाकली तर कोणी खेळणार नाही."

चाळीचे मालक तात्या दारातच खाटेवर बसले होते. जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर खोल्या काढल्या. आम्ही पोलीस नाही हे आधी त्यांना पटवावं लागलं.

"सातची पोरं व्हय? गुणाची हायती," ते म्हणाले. "कॉट बेसिसवर दिलीय. कॉट एक, गडी तीन. एक उठतोय तवर दुसरा पाठ टेकतोय, गादी काय थंड व्हत न्हाई. पर तिघं एका वक्ताला जागं आमी कवाच न्हाई पाह्यलं. आठवड्याची सुट्टी बी येगळी येगळी."

"मग ते एकमेकांशी बोलतात कधी?" निखिलने विचारलं.

"बोलत्यात कशाला? त्यो फोन हाय की."

खोली सातमध्ये इमरान होता, सकाळची पाळी करून आलेला. त्याने दार उघडल्या उघडल्या ओठांवर बोट ठेवलं. कॉटवर कोणीतरी डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपलं होतं. तो चिपळूणकडचा संतोष, झाडंवाला, रात्रपाळीचा. पाट्यांवाला दत्ता हिंगोलीचा, तो कामावर होता. आमचं सगळं बोलणं मग कुजबुजत झालं. उशाशी, चार्जिंगला लावलेला एक बऱ्यापैकी फोन. तिघांनी वर्गणी काढून घेतलेला. कंपनीत फोन गेटवर जमा करावे लागतात, म्हणून हा खोलीतच राहायचा आणि जो जागा असेल तो बांधायचा.

"तीन खाती का नाही काढली?" निखिलने विचारलं.

"फोन एक ना सर," इमरान म्हणाला. "आन् घाट पन एकच हाय."

"आणि ते लाल फडकं?"

"ते काय, कंपनीत करतो तसंच. दत्ता भेटतच नाही ना. त्याला कळाया पायजे, मी कुठवर आलो."

मग मी बशीरभाईंचा विषय काढला. इमरानने उशाशी लोंबणारी फोनची वायर सरळ केली.

"अब्बूंचा पाय शुगरमुळं कापावा लागला, काकू. गाडी सुटली. खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायचे, जेवायचे पन नाहीत. कोकणात माल घेऊन ज्या घाटानं उतरायचे, त्यो घाट बांधू म्हनलं. फोनवर ते एकेक वळन सांगतात, आमी बांधतो. आता रोज सकाळी उठून दाढी करतात, शर्ट घालतात, मग गाडी काढतात. दाढी केल्याबिगर स्टेअरिंगला हात लावीत नाहीत. घाट बंद झाल्यापासून दाढी केली नाही, अम्मी सांगत होती."

तेवढ्यात निखिलचा फोन वाजला. कॉटवरच्या संतोषने टॉवेल बाजूला केला, झोपेतच विचारलं, "घाट आला काय रे?"

"नाही रे भावा. झोप तू."

तो कूस बदलून झोपला. निखिलने फोन न बघताच बंद केला.

परतताना देहूफाटा ओलांडल्यावर तो एकदम म्हणाला, "मॅडम, पावलं आपल्याकडे आहेत. फडकं कुठे बांधलं, कुठे सोडलं, तेही आहे. दोन फडक्यांच्या मधलं काम एकाचं. मग एका खात्याची तीन माणसं वेगळी करता येतील की!"

मी म्हटलं, "मी तेच म्हणत होते." म्हणत नव्हते. पण इतकं चांगलं बोलणं ऐकून मला गप्प बसवेना.

शुक्रवारचा सगळा दिवस तो त्यामागे होता. मी शेजारी बसून हाताची ओळख सांगत होते: हा चढ इमरानचा, हा फणस संतोषचा, ही आगाऊ पाटी दत्ताची. सॉफ्टवेअर फडक्यांवरून तुकडे पाडायचं आणि मी सांगितलेल्याशी ताडून बघायचं. सुरुवातीला त्याने दत्ताची सगळी दुकानं संतोषच्या नावावर घातली, कारण दत्ता एकदा फडकं बांधायला विसरला होता. मग निखिलने त्याला हात ओळखायलाही शिकवलं, कोण भराभर ठेवतो, कोण चारदा हलवून बघतो. संध्याकाळपर्यंत घाट तीन रंगांत दिसायला लागला आणि कुठलाच रंग दुसऱ्यात सांडला नाही. निखिलने बेंगळुरूच्या मोठ्या मॅडमना तो दाखवला. त्यांनी एकच विचारलं, चोरांच्या खात्यांवर हे चालवून पाहिलं का? पाहिलं होतं. तिथे रंग पडतच नव्हते, नुसता एकसारखा चिखल. मॅडम म्हणाल्या, साफसफाईतून हा घाट वगळा, आणि हे नीट बांधून काढा.

शनिवारी सकाळी घाट सुरू झाला. मी मुद्दाम बघत बसले. बराच वेळ कोणी आलं नाही. मनात आलं, म्हाताऱ्याने नाद सोडला की काय. मग पायथ्याशी एक ट्रक उभा राहिला, एकदा हॉर्न दिला आणि पहिल्या वळणाला लागला. थोड्या वेळाने निरोप आला.

"म्याडम, उशीर झाला, दाढीचं ब्लेड सापडंना. रस्ता बेस हाय. पन एक सांगतो, चढावर पान्याची टाकी न्हाई. हितं गाडी तापते. खऱ्या घाटात टाकी होती, डाव्या अंगाला."

मी कळवलं, या खेळात गाडी तापत नाही. त्यांचं उत्तर आलं, "गाडी ती गाडीच."

पुढे त्या युक्तीचं रीतसर सॉफ्टवेअर झालं. एका फोनवर खेळ उघडला की तो विचारतो, पाळी कोणाची? आपल्या नावावर बोट ठेवायचं, बांधायचं, जाताना फडकं बांधायचं. आम्ही ते चाकणच्या खोल्यांसाठी केलं, पण निघालं भलतंच. गावोगावी घरात एकच फोन आणि भावंडं तीन, कुठे मायलेकी, कुठे आजोबा-नातू, सगळे त्याच्यावर बांधायला लागले. पूर्वी या सगळ्यांना आम्ही यंत्र समजून पुसत होतो. असे किती रस्ते गेले असतील, याची चुटपुट मला आजही लागते. कंपनीने त्याचं पेटंट मागितलं. अर्जात निखिलच्या नावाखाली माझंही नाव आहे. त्यातल्या इंग्रजीत लाल फडक्याचं जे काही झालंय, ते मला चारदा वाचूनही ओळखता आलं नाही. आमच्या ह्यांनी मात्र त्याची प्रत लॅमिनेट करून आणली आणि फ्रिजवर चिकटवली.

यंदा मी निवृत्त झाले. निरोप समारंभात निखिलने चांगलं भाषण केलं, पोरांनी पैठणी दिली. घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावं तेच सुचेना. आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेलं तपासलं, पास केलं, लाल पेटीत टाकलं. स्वतःच्या हाताने बांधलं म्हणाल तर काही नाही. सवयीने घाट उघडला. खोली सातमधली माणसं आता पांगली होती, इमरानला दुसरीकडे कायमची नोकरी लागली होती, तिघांकडे तीन फोन होते. तरी घाट चालूच होता, कोकणाच्या बाजूला उतरत होता.

उघडला, तर पडद्यावर बांधणाऱ्यांची तीनऐवजी चार नावं. इमरान, संतोष, दत्ता आणि काकू. मी घाबरून वर चढत गेले. चढावर, डाव्या अंगाला, एक जागा सपाट करून ठेवलेली. तिथे काहीच नव्हतं, फक्त एक खुंट आणि त्याला लाल फडकं.

मी इमरानला फोन केला. "हे काय रे?"

"तुमचा जॉब हाय काकू," तो म्हणाला. "टाकीचा. अब्बू कवाचे मागं लागलेत. आमी म्हनलं, ज्यांनी घाट चालू केला त्या करतील."

"अरे, मला कुठे येतंय बांधता!"

"शिका की. आमी हाव ना."

टाकी बांधणं म्हणजे चेष्टा नाही हो. पहिली दरीत पडली. दुसरी रस्त्याच्या मधोमध झाली आणि कोणाचा तरी ट्रक तिच्यावर आपटला. तिसरी मनासारखी जमली, मी खुशीत पाठवली, तर आमच्याच सॉफ्टवेअरने ती परत केली: वस्तू जमिनीपासून किंचित वर तरंगत आहे. जन्मभर गेज लावला, तोच शेवटी माझ्यावर फिरला. ह्यांना हसू आवरेना. चौथी पास झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशीरभाईंचा ट्रक आला. टाकीपाशी थांबला आणि चांगला वेळ उभा राहिला. मग निरोप आला, "म्याडम, पानी घातलं. गाडी थंड हाय. चला, उतारावर भेटू."

मी तिथेच बसून थोडं ऊन खाल्लं, खिडकीतलं. मग टाकीच्या पुढे पाण्याला जायला एक पन्हळ काढायला घेतली. ती अर्धी झाली तेव्हा कुकरची शिट्टी झाली आणि उठावं लागलं. पन्हळीच्या टोकाला मी लाल फडकं बांधलं आणि फोन चार्जिंगला लावला. दत्ताला हल्ली रात्रपाळी होती, ती सुटायची वेळ झालीच होती.